इशारा आणि भाकीत

हिब्रू भाषेतला ‘नवी’ आणि अरबीतला ‘नबी’ हे सख्ख्या भाषाभगिनींचे शब्द आहेत. मराठी बायबलने त्यासाठी ‘संदेष्टा’ हा शब्द घेतला. आपण मराठी बोलताना ‘पैगंबर’ म्हणतो, म्हणजे पैगाम आणणारा. संदेष्टा काय किंवा पैगंबर काय, या दोन्ही शब्दांत भविष्य सांगणारा असा अर्थ नाही. तरीही जुन्या संदेष्ट्यांचे नाव निघाले की आपल्याला पहिली आठवण होते ती त्यांच्या भयंकर भाकितांचीच. अमुक नगर उद्ध्वस्त होईल, तमुक कौमवर अजाब येईल. मग आपण इतिहासात आणि वर्तमानपत्रात त्याचे पुरावे शोधू लागतो. हा शोध आपल्याला कुठे नेतो, याचा विचार या लेखात करायचा आहे.

भाकिताची गोष्ट आमच्या बुलढाणा जिल्ह्याला नवी नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळ गावी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडतात, मातीची ढेकळे, पाण्याने भरलेली घागर, पानविडा, पापड, कुरडई असे पदार्थ आणि भोवती अठरा प्रकारची धान्ये ठेवतात. रात्री तिथे कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात झालेले बदल पाहून पाऊसपाणी, पिके, रोगराई आणि राजा यांचे भाकीत सांगितले जाते. ही परंपरा सुमारे साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ त्यावर आक्षेप घेते आणि दूरदूरचे शेतकरी तरीही येतात. ज्याचे सगळे वर्ष आभाळावर अवलंबून असते, त्याला उद्याचे काहीतरी ऐकायची भूक असते. त्या भुकेला हसण्यात अर्थ नाही.

मला इथे फक्त एक फरक दाखवायचा आहे. भाकीत ऐकणाऱ्याच्या वागणुकीवर अवलंबून नसते. पाऊस कमी पडणार असेल तर शेतकरी प्रामाणिक असो की लबाड, तो कमीच पडणार. भाकीत ऐकणाऱ्याला तयारी करायला सांगते, बदलायला सांगत नाही. इशाऱ्याचे तसे नाही. इशाऱ्यात ‘जर’ हा शब्द दडलेला असतो. तो उच्चारला नाही तरी ऐकणाऱ्याला तो ऐकू यायला हवा. कुरआनात पैगंबरांना ‘बशीर’ आणि ‘नजीर’ म्हटले आहे, म्हणजे खूशखबर देणारा आणि सावध करणारा. सावध त्यालाच करतात, ज्याला अजून वळता येते.

हे नीट समजून घ्यायचे तर आमोसकडे जावे लागते. कुरआनात त्याचे नाव नाही. पण आपण काही पैगंबरांच्या हकीकती सांगितल्या आणि काहींच्या सांगितल्या नाहीत, असे कुरआनच म्हणतो. त्यामुळे आमोसबद्दल काही ठाम बोलता येत नसले, तरी त्याचे ऐकायला हरकत नाही. तो इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला, बेथलेहेमच्या दक्षिणेकडच्या तकोवा गावचा माणूस. मेंढरे राखायची आणि उंबराची फळे काढायची, हा त्याचा धंदा. त्या काळी इस्राएलची दोन राज्ये झाली होती. आमोस दक्षिणेकडच्या यहूदा राज्याचा, पण तो बोलायला गेला उत्तरेकडच्या इस्राएलमध्ये. तिथे दुसरा यराबाम राज्य करीत होता. व्यापार जोरात होता, श्रीमंतांकडे हस्तिदंताने मढवलेले पलंग होते आणि देवस्थानांत गर्दी होती.

आमोसने बोलायला सुरुवात केली ती शेजाऱ्यांपासून. दमास्कसने गिलादच्या लोकांवर जणू लोखंडी मळणीयंत्र फिरवले, म्हणून त्याला शिक्षा होईल. गाझाने अख्खीच्या अख्खी वस्ती कैद करून गुलाम म्हणून विकली. सोर या व्यापारी शहरानेही तेच केले, भाऊबंदकीचा करार विसरून. अदोमने भावावर तलवार चालवली. अम्मोनने आपली हद्द वाढवण्यासाठी गर्भवती बायांची पोटे फाडली. मवाबने अदोमच्या राजाची हाडे जाळून त्यांचा चुना केला. ऐकणाऱ्या इस्राएली लोकांची मान प्रत्येक वाक्याला डोलली असेल, याची कल्पना आपण करू शकतो. शत्रूची निंदा ऐकायला कोणाला आवडत नाही? मग आमोसने यहूदाचे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मुलखाचे नाव घेतले. आणि शेवटी तो समोर बसलेल्यांवर आला. तुम्ही सज्जन माणसाला चांदीसाठी विकता आणि गरिबाला जोडाभर वहाणांसाठी. गहाण घेतलेल्या गरिबाच्या वस्त्रांवर तुम्ही देवळात अंग टाकता. इतर राष्ट्रांना त्याने चार-दोन वाक्ये दिली होती, या शेवटच्या राष्ट्राला मात्र बाकीचे सगळे पुस्तक दिले.

या यादीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, शेजारच्या सहा राष्ट्रांवरच्या आरोपांत त्यांच्या पूजापद्धतीचा उल्लेख नाही. ते कोणत्या देवाला मानतात, हे आमोस विचारत नाही. तो विचारतो ते एवढेच, की तुम्ही माणसांचे काय केले? कैद्यांना विकू नये, गर्भवतीवर शस्त्र चालवू नये, हे कळायला कोणत्याही ग्रंथाची गरज नाही. धर्माच्या नियमांचा जाब त्याने फक्त यहूदाला विचारला, कारण ते नियम त्यांना दिलेले होते. म्हणजे एक मोजमाप सर्व माणसांसाठी आणि ज्याला जास्त दिले त्याच्याकडून जास्त हिशेब. अनेक धर्मांचे लोक एका गावात राहतात तिथे याहून शहाणी व्यवस्था मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट मवाबची. मवाबने अन्याय केला तो अदोमवर. त्यात इस्राएलचे काहीच गेले नव्हते. उलट ज्या अदोमच्या राजाच्या हाडांसाठी आमोस मवाबला जाब विचारतो, त्याच अदोमला त्याने चार वाक्यांपूर्वी दोषी ठरवलेले आहे. दोषी शत्रूच्या प्रेताचीही विटंबना होऊ नये, हा त्याचा आग्रह. आपला माणूस मेला तरच अन्याय झाला, असे मानणाऱ्याला आमोस समजलेलाच नाही.

त्याचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे. बेथेलच्या देवस्थानाचा पुरोहित अमस्या याने राजाकडे निरोप पाठवला, की हा माणूस तुमच्याविरुद्ध कट करीत आहे. आमोसला त्याने बजावले, तू आपल्या मुलखात जा आणि तिथे पोट भर. राजद्रोहाचा आरोप आणि ‘आपल्या मुलखात जा’ हा हुकूम, दोन्ही किती जुने आहेत! आमोसने उत्तर दिले ते असे, की मी काही संदेष्ट्यांच्या घराण्यातला नाही, मी मेंढपाळ आहे. पुढे काही दशकांत, इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास, अश्शूरच्या फौजेने इस्राएलची राजधानी शोमरोन घेतली. आमोसचे म्हणणे खरे झाले. पण त्यात त्याला आनंद झाला असता का? ज्याने हाका मारमारून लोकांना सावध केले, त्याचे शब्द खरे होणे हा त्याचा विजय नव्हे, ती त्याची हार आहे.

याची उलट बाजू हजरत यूनुस अलैहिस्सलाम यांच्या हकीकतीत आहे. बायबलमध्ये त्यांना योना म्हणतात. निनवे शहराचा नाश होणार, असा इशारा त्यांनी दिला. निनवेच्या लोकांनी तौबा केली आणि शहर वाचले. कुरआनातही यूनुसची कौम हे एक वेगळेच उदाहरण म्हणून येते, जिने वेळेवर ईमान आणले आणि जिच्यावरचा अजाब टळला. भाकीत म्हणून पाहिले तर यूनुसचे म्हणणे खोटे ठरले. इशारा म्हणून पाहिले तर त्याच्याइतका यशस्वी इशारा दुसरा नाही. बायबलमधल्या कथेत योना या दयेवर रागावतो. तेव्हा त्याला विचारले जाते, की ज्यांना उजवा-डावा हातही कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसे आणि शिवाय इतकी गुरेढोरे असलेल्या शहराची मला कीव येऊ नये काय? शत्रूच्या राजधानीतली गुरेसुद्धा त्या हिशेबात धरलेली आहेत.

ते निनवे म्हणजे आजच्या इराकमधले मोसुल. तिथे नबी यूनुस यांच्या नावाची मशीद आणि मजार होती. २४ जुलै २०१४ रोजी इस्लामिक स्टेटच्या लोकांनी ती स्फोटके लावून उडवली. दयेने वाचलेल्या शहराची आठवण त्यांनी पुसली, ज्यांनी जगाचा फैसला आपल्या हातात घेतला होता. इशारा देणारा आणि शिक्षा करणारा यांतला फरक मिटला की काय होते, याचे हे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखत घडले.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आद, समूद, हजरत लूत यांची कौम, मदयन, या हकीकती मुलांना घरूनच ठाऊक असतात. सातवीतल्या एका मुलीने मला एकदा विचारले, “मिस, उस कौम में दूध पीते बच्चे बी तो होंगे ना?” वर्गात हसू उमटले आणि लगेच विरले. कारण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. एका अख्ख्या कौमला शिक्षा झाली, तर त्यातल्या बाळाचा गुन्हा काय?

हा प्रश्न विचारणे म्हणजे ईमान कच्चे असणे, असे काहींना वाटते. पण सर्वांत आधी हा प्रश्न हजरत इब्राहिम अलैहिस्सलाम यांनी केला आहे. बायबलमध्ये ते लूतच्या नगरासाठी रदबदली करतात. पन्नास भले लोक असले तर? पंचेचाळीस असले तर? असे करीत ते दहापर्यंत येतात. कुरआनातही लूतच्या कौमबद्दल इब्राहिम यांनी हुज्जत घातल्याचा उल्लेख आहे. अजाब टळला नाही, पण हुज्जत घालणाऱ्याला तिथे बेअदब म्हटलेले नाही, उलट सहनशील आणि कोमल हृदयाचा म्हटले आहे. दुसऱ्यांच्या मुलांसाठी अल्लाहशी हुज्जत घालणे ही इब्राहिमी सुन्नत आहे. शिवाय कुरआन वारंवार बजावतो, की कोणीही दुसऱ्याच्या गुन्ह्याचे ओझे उचलणार नाही. हिब्रू संदेष्टा यहेज्केल यानेही बापाच्या पापासाठी मुलाला धरता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. म्हणजे आखिरतचा हिशेब एकट्याचा आहे.

मग कौमला इशारा कशासाठी? कारण या दुनियेत फायदा आणि तोटा एकट्याचा नसतो. गाझाच्या व्यापाऱ्यांनी गुलाम विकले तेव्हा त्या पैशाने सगळे शहर सजले असेल. जे अन्यायाचे धान्य खातात पण स्वतः अन्याय करीत नाहीत, त्यांना गुन्हेगार म्हणता येणार नाही, पण त्यांना बेजबाबदारही राहता येणार नाही. आणि अन्यायाचे फळ पिकते तेव्हा ते फक्त जालिमाच्या ताटात पडत नाही. अशा फितन्यापासून सावध राहा जो केवळ जुलूम करणाऱ्यांनाच गाठणार नाही, असा कुरआनाचा इशारा आहे. तो इशारा शिक्षेच्या न्याय्यतेचे समर्थन करीत नाही. तो आपल्याला दुनियेची रीत सांगतो, की बाळाला वाचवायचे असेल तर मोठ्यांनी आज उठले पाहिजे.

इथे एका मोठ्या वादाची आठवण होते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भूकंप झाला. महात्मा गांधींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा असल्याचे म्हटले. रवींद्रनाथ टागोरांना हे पटले नाही. निसर्गातल्या घटनांना निसर्गातलीच कारणे असतात, शिवाय असा युक्तिवाद गांधींचे विरोधकही त्यांच्याविरुद्ध वापरू शकतील, असे त्यांनी लिहिले. गांधींनी ते आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापले आणि उत्तरही दिले. गांधींनी बोट दाखवले ते स्वतःच्या समाजाकडे, परक्यांकडे नव्हे, ही त्यांची बाजू. पण ढिगाऱ्याखाली जे मेले त्यांत अस्पृश्यही होते, आणि इथे टागोरांचा मुद्दा भारी पडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे दहा हजार माणसे गेली. तेव्हाही कोपाच्या गोष्टी बोलल्या गेल्या. माणसे मेली ती मुख्यतः दगड-मातीच्या जड भिंतींखाली. मेलेल्यांच्या पापांची यादी करण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. जगलेल्यांना एकच प्रश्न विचारता येत होता, की गरिबाचे घर असे का बांधले जाते?

आमच्या जिल्ह्यातही याचा अनुभव आला. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांतच टक्कल पडे. विज्ञानाच्या संस्था तपासाला आल्या. डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या तपासणीत रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार जास्त आढळल्याचे वृत्त पुढे आले. अशा वेळी ‘त्या गावांवर काहीतरी आले आहे’ असे म्हणणे सोपे असते, आणि त्याने गावाची बदनामी तेवढी होते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचेही तेच. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतल्या कितीतरी गावांनी पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी प्यायले आणि मूत्रपिंडाचे आजार भोगले. खारे पाणी हा त्यांच्यावरचा अजाब नाही. ते पीत असताना गोड पाणी पिणारे आम्ही गप्प राहिलो, तर फैसला आमचा व्हायचा आहे.

म्हणून मला वाटते, संकट येण्याआधी, आपल्याच लोकांत उभे राहून, स्वतः किंमत मोजून जो बोलतो त्याचा तो इशारा. संकट आल्यावर, दूर सुरक्षित बसून, दुसऱ्यांच्या प्रेतांकडे बोट दाखवून जे बोलले जाते ती केवळ कठोरता आहे, तिला कोणत्याही ग्रंथाची वाक्ये जोडली तरी.

आजच्या गाझाकडे पाहताना हे विसरणे फार सोपे झाले आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्राएलमध्ये सुमारे बाराशे लोक मारले गेले आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेले गेले. त्यानंतरच्या इस्राएलच्या कारवाईत गाझात साठ हजारांहून जास्त लोक मेल्याचे तिथले आरोग्य मंत्रालय सांगते, आणि त्यांत हजारो मुले आहेत. आता कोणी आमोसच्या पुस्तकातले गाझा हे नाव काढून आजच्या गाझाला लावील, तर कोणी बनी इस्राईलवरचे जुने इशारे काढून जगातल्या प्रत्येक यहुदी माणसाला लावील. दोघांनीही इशाऱ्याचे भाकीत केले, आणि भाकिताचे हत्यार. आमोसची राष्ट्रे अडीच हजार वर्षांहून जुनी आहेत, आजची राज्ये ती नव्हेत. त्याचे मोजमाप मात्र आजही लागू आहे. जो वस्ती उठवतो, ओलीस धरतो, हद्दीसाठी आई आणि मूल मारतो, तो कोणीही असो. आणि त्याच आमोसने इस्राएलला सुनावले होते, की तुम्हाला जसे मिसरमधून आणले तसे पलिष्ट्यांनाही कफतोरहून आणणारा तोच आहे. अल्लाहचे उपकार एकाच कौमच्या नावावर लिहिलेले नाहीत.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर यहुदी म्हणजे कोणी दूरचे लोक नव्हेत. कोकणातले बेने इस्राएल शेकडो वर्षे मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत आपल्यात राहिले. शनिवारी काम बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तने केली. त्यांच्या नव्या पिढ्या बहुतेक इस्राएलला गेल्या. त्यांच्या आजोबांनी आपल्या आजोबांचे काही बिघडवले नव्हते, एवढे तरी आपण ध्यानात ठेवावे.

शेवटी आमोसच्या पद्धतीने आपल्याकडे वळायला हवे. हजरत शुऐब अलैहिस्सलाम यांनी मदयनच्या लोकांना जो इशारा दिला त्यात इबादतीबरोबर लगेच दुसरी गोष्ट आली ती वजनमापाची. मराठीत ‘मापात पाप’ म्हणतात ते हेच. खामगाव हे आमच्याकडचे कापसाचे आणि चांदीचे जुने गाव. १८७० मध्ये इथल्या कापसासाठी रेल्वेचा फाटा आला. वऱ्हाडाचा कापूस परदेशी गेला, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात याच वऱ्हाडातली माणसे उपाशी मेली. माल जायला रस्ता होता, पण गरिबाच्या हाती धान्य घ्यायला पैसा नव्हता. आजही शेतकऱ्याच्या मालावर कुठे कुठे कडता कापला जातो. कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी किलोवर ठरते आणि काटा तिच्या हातात नसतो.

असा कोणी मेंढपाळ आज आमच्या आठवडी बाजारात उभा राहिला, तर आधी तो सरकारला बोलेल, आम्ही माना डोलवू. मग व्यापाऱ्याला बोलेल, आम्ही खूश होऊ. दुसऱ्या समाजांना बोलेल, तेव्हा आमच्यातले काही जण टाळ्याही वाजवतील. आणि मग तो आम्हा मुसलमानांना विचारील, की कुरआनाने बहिणीला विरासतीत जो हिस्सा नेमून दिला तो तुमच्यापैकी कितीजणांनी दिला? ‘तिने माफ केला’ असे सांगून जमीन भावांच्या नावावर कशी झाली? निकाहला मेहर कागदावर आणि हुंडा हातात, हे कोणत्या शरीअतमध्ये बसते? बिरादरीच्या उंच-नीचतेवरून सोयरीक मोडताना मसावातची आयत कुठे जाते?

ज्यांना जास्त दिले त्यांचा हिशेब जास्त, हे मोजमाप तो आमच्यासाठी बदलणार नाही. त्याच्या या प्रश्नांत ‘जर’ दडलेला आहे, म्हणूनच त्यांचे उत्तर आजही देता येते. बहिणीचा हिस्सा आजही तलाठ्याकडे जाऊन तिच्या नावावर लावता येतो.